भिवंडीच्या वेशीवर स्टेडियम, पण गल्लीत मैदान आहे का? राष्ट्रीय क्रीडा संघटना वस्तीसाठी काय करू शकते

समृद्धी महामार्ग मुंबईच्या बाजूला जिथे संपतो, ते आमणे गाव भिवंडी तालुक्यात आहे. २०२४ मध्ये याच परिसरात सुमारे ५० एकर जागेवर एक लाख प्रेक्षकांचं क्रिकेट स्टेडियम उभारण्याचा मुंबई क्रिकेट असोसिएशनचा प्रस्ताव चर्चेत आला. जून २०२५ मध्ये महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला.

प्रस्तावाचं पुढे जे व्हायचं ते होईल. पण त्यातून उभा राहिलेला एक प्रश्न स्टेडियम झालं तरी राहणार आहे आणि नाही झालं तरी राहणार आहे. एवढा मोठा खेळ भिवंडीच्या वेशीवर येणार असेल, तर शांतीनगर, गैबीनगर किंवा पद्मानगरच्या गल्लीत खेळणाऱ्या मुलाला त्यातलं काय मिळणार? आणि त्या मुलासाठी आधीच काम करणाऱ्या छोट्या सेवाभावी संस्थांना देशपातळीवरची क्रीडा संघटना कशी मदत करू शकते?

थोडक्यात

- क्रीडा संघटनांच्या मदतीची बातमी बहुतेक वेळा देणगीच्या रकमेची असते. वस्तीला रकमेइतकीच गरज मैदानाची वेळ, शिकलेले प्रशिक्षक, मान्यताप्राप्त स्पर्धा आणि संघटनेचं नाव यांची असते.
- राष्ट्रीय संघटना थेट गल्लीत पोहोचत नाही. राष्ट्रीय, राज्य, जिल्हा आणि मंडळ अशी साखळी असते. मदत अडते ती शेवटच्या कडीवर.
- वस्तीतल्या लोकांचा विश्वास स्थानिक संस्थेकडे असतो, खेळाची मान्यता संघटनेकडे असते. दोघांची गाठ पडली तरच काम टिकतं.
- पैसा आणण्याचे कायदेशीर मार्ग उपलब्ध आहेत. त्यासाठी मंडळाची कागदपत्रं जागेवर असावी लागतात.

राष्ट्रीय क्रीडा संघटना म्हणजे नेमकं कोण?

एखाद्या खेळाचे नियम, राष्ट्रीय स्पर्धा, पंचांच्या परीक्षा आणि भारतीय संघाची निवड ज्या संस्थेकडे असते, ती त्या खेळाची राष्ट्रीय संघटना. क्रिकेटसाठी १९२८ मध्ये स्थापन झालेलं भारतीय क्रिकेट नियामक मंडळ म्हणजे बीसीसीआय, फुटबॉलसाठी १९३७ पासूनचा अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, कबड्डीसाठी १९७२ पासूनचा भारतीय हौशी कबड्डी महासंघ.

यातल्या बहुतेक संघटना सरकारी खाती नाहीत. कायद्याने त्या नोंदणीकृत संस्था आहेत. बीसीसीआयची नोंदणी तामिळनाडूच्या संस्था नोंदणी कायद्याखाली आहे. प्रत्येक संघटनेच्या खाली राज्य संघटना असतात, राज्याखाली जिल्हा संघटना आणि सर्वांत खाली गावोगावची, गल्लोगल्लीची क्रीडा मंडळं. ठाणे जिल्ह्यातल्या आगरी-कोळी गावांत देवळासमोरच्या मातीत सराव करणारं कबड्डी मंडळही या साखळीतलंच एक टोक आहे.

साखळीचं वरचं टोक बिघडलं की त्याचा फटका खालपर्यंत बसतो. कबड्डी महासंघाच्या कारभारावरून झालेल्या वादात २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघावर प्रशासक नेमला होता. त्यामुळे एखादी संघटना वस्तीला काय देणार, हे विचारण्याआधी तिचा स्वतःचा कारभार कसा चालतो तेही पाहावं लागतं.

आतापर्यंतचा पहिला मार्ग: देणगी

भारतात सर्वाधिक पैसा क्रिकेटमध्ये आहे. साहजिकच देणग्यांची मोठी उदाहरणंही बीसीसीआयचीच आहेत.

- २०१९ मध्ये पुलवामा हल्ल्यानंतर आयपीएलचा उद्‌घाटन सोहळा रद्द झाला आणि त्याच्या खर्चाचे २० कोटी रुपये लष्कर, केंद्रीय राखीव पोलीस दल, नौदल व हवाई दलाकडे देण्याचं ठरलं.
- मार्च २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला बीसीसीआयने पीएम केअर्स निधीसाठी ५१ कोटी रुपये जाहीर केले.
- मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत १० लिटर क्षमतेचे २,००० ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर देण्याची घोषणा केली.
- २०२३ च्या आयपीएलमध्ये बाद फेरीपासून प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपं लावण्याचा उपक्रम जाहीर झाला.
- जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या भारतीय पथकासाठी भारतीय ऑलिम्पिक संघटनेला ८.५ कोटी रुपये देण्याची घोषणा झाली.

या मदतीचं मोल कमी नाही. संकटाच्या वेळी मोठी रक्कम चटकन देणं हे मोठ्या संघटनेलाच जमतं. पण यातला बहुतेक पैसा केंद्रीय निधीत किंवा राष्ट्रीय संस्थेकडे जातो. तिथून तो कोणत्या शहरात, कोणत्या वस्तीत पोहोचला हे भिवंडीतल्या माणसाला दिसत नाही. शिवाय देणगी एकदाच मिळते. मुलाला मात्र दर आठवड्याला मैदान लागतं.

दुसरा मार्ग: देशभराची मोहीम

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. त्याआधी केंद्र सरकार, फुटबॉल महासंघ आणि फिफा यांनी १ कोटी १० लाख मुलांपर्यंत फुटबॉल नेण्याची ‘मिशन इलेव्हन मिलियन’ ही मोहीम आखली. महाराष्ट्राने तिला स्वतःची जोड दिली. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर एकाच दिवशी १० लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावं, असं लक्ष्य ठेवलं गेलं. त्या दिवशी शाळांच्या पटांगणांवर, रस्त्यांच्या कडेला, जिथे जागा मिळेल तिथे सामने झाले.

पुढे ३० ऑक्टोबर २०२२ रोजी नवी मुंबईत, मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, ‘फुटबॉल फॉर स्कूल्स’ या उपक्रमासाठी फिफा, केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि फुटबॉल महासंघ यांच्यात करार झाला. देशभरातल्या शाळांना ११ लाखांहून अधिक फुटबॉल देण्याचं त्यात ठरलं.

मोहिमेची ताकद तिच्या विस्तारात असते. कधी खेळाकडे वळली नसती अशी मुलगी त्या एका दिवशी चेंडूला पाय लावते. मर्यादाही तिथेच आहे. चेंडू शाळेत पोहोचतो, पण शाळेला पटांगण नसेल तर तो कपाटात राहतो. खेळाचा शिक्षक नसेल तर वर्षभरात हवा जाऊन बसतो. वस्तू पाठवणं सोपं असतं, तिच्यामागे माणूस उभा करणं अवघड.

तिसरा मार्ग: वस्तीतल्या संस्थेला बळ

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ही गोष्ट घराघरांत पोहोचली. पण त्याच्या सहा वर्षं आधी, २०१६ मध्ये, फिफाने आपला पहिला ‘डायव्हर्सिटी पुरस्कार’ याच संस्थेला दिला होता.

इथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी वस्तीतलं काम, मग जगातल्या सर्वांत मोठ्या फुटबॉल संघटनेची दखल. फिफाने नागपुरात येऊन नवी संस्था काढली नाही, जी होती तिलाच मान दिला. छोट्या संस्थेसाठी अशी दखल म्हणजे पुढच्या प्रत्येक दारावर दाखवता येणारं ओळखपत्र असतं.

मुंबईतलं दुसरं उदाहरण क्रिकेटचं आहे. ‘परिवर्तन’ या कार्यक्रमात मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या साथीने शाळांतल्या क्रिकेट प्रशिक्षकांना तयार करण्यात आलं. सरावाच्या आधी किंवा नंतर प्रशिक्षकाने मुलांशी थोडा वेळ बोलायचं. विषय फलंदाजीचा नव्हता. मुलींशी कसं वागावं, घरात मारहाण होत असेल तर ती योग्य आहे का, मित्र छेड काढत असेल तर गप्प बसावं का, असे ते विषय होते. घरचा उपदेश न ऐकणारी मुलं प्रशिक्षकाचं ऐकतात, या साध्या गोष्टीवर कार्यक्रम उभा होता. पुढे गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये याच धर्तीवर किशोरवयीन मुलींसाठी कबड्डीचा वापर झाला आणि मार्गदर्शक म्हणून त्याच वस्तीतल्या तरुणी घेतल्या गेल्या.

या दोन्ही ठिकाणी संघटनेने दिलेली मुख्य गोष्ट मोठी रक्कम नव्हती. नागपूरला मान्यता मिळाली, मुंबईला प्रशिक्षकांपर्यंत पोहोचण्याची वाट मिळाली.

भिवंडीचं वेगळेपण काय?

२०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी शहराची लोकसंख्या ७ लाखांहून अधिक आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी हे एक. अलीकडच्या काळात मुंबई-नाशिक महामार्गालगत आणि माणकोली, काल्हेर, पडघा या भागांत गोदामांचं मोठं जाळं उभं राहिलं आहे. मागावर काम करणारे अनेक जण उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले. सायझिंग, डाइंग, माग आणि राहती घरं अनेक ठिकाणी एकाच गल्लीत.

या रचनेचा खेळाशी थेट संबंध आहे.

*वेळ.* कारखान्यांत साधारण बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. सकाळी सहाचं किंवा संध्याकाळी पाचचं शिबिर सगळ्यांना जमेलच असं नाही. वडील रात्रपाळी करून झोपलेले असतील, तर एका खोलीच्या घरात मुलांना बाहेरच जावं लागतं.

*जागा.* दाटीमुळे मोकळी जागा कमी. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळून ३८ पेक्षा अधिक माणसं गेली, तेव्हा या दाटीचं सर्वांत भयानक रूप देशाने पाहिलं. अशा शहरात मैदान खेळापुरतं नसतं. आग, पूर किंवा इमारत पडण्याच्या वेळी माणसांना उभं राहायला तीच जागा असते. कोविडच्या काळात वरळीच्या नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाच्या डोममध्ये उपचार केंद्र उभं राहिलं होतं, हे मुंबईकरांना आठवत असेल.

*आरोग्य.* २०२२ च्या अखेरीस गोवरची साथ आली तेव्हा मुंबई, मालेगाव आणि भिवंडी ही नावं बातम्यांत एकत्र येत होती. लसीबद्दलची भीती घालवायला सरकारी पत्रकापेक्षा ओळखीच्या खेळाडूचा शब्द अधिक कामी येतो.

*विश्वास.* भिवंडीने १९७० आणि मे १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या. त्यानंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. दोन्ही समाजांतली सामान्य माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असं आहे.

हा अनुभव मुंबईने उचलला. दंगलीनंतर १९९४ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या मोहल्ला कमिटी चळवळीने ‘क्रिकेट फॉर पीस’ ही स्पर्धा घेतली. त्यात वस्त्यांतली तरुण मुलं आणि पोलीस एकमेकांसोबत मैदानात उतरतात. समितीची कल्पना भिवंडीत रुजली आणि मुंबईत तिला क्रिकेटची जोड मिळाली. क्रीडा संघटनेला भिवंडीत काम करायचं असेल, तर सुरुवात करण्याजोगी परंपरा शहरात आधीपासून आहे.

संघटना प्रत्यक्षात काय देऊ शकते?

१. मैदानाची वेळ. नवं मैदान बांधायला वर्षं जातात. असलेल्या मैदानावर आठवड्यातले ठरावीक तास वस्तीच्या मुलांसाठी राखून ठेवायला एक करार पुरतो. महापालिका, शाळा किंवा संस्था जागा देईल, संघटना खेळपट्टी, मॅट, जाळी आणि देखभाल पाहील. मात्र ‘सराव मोफत’ असा फलक लावून गेट बंद ठेवण्याची सोय करारात राहता कामा नये. वार आणि तास लिहिलेले असावेत.

२. शिकलेली माणसं. बाहेरून आलेला प्रशिक्षक शिबिर संपलं की जातो. त्याऐवजी वस्तीतल्याच दहा-पंधरा तरुण-तरुणींना प्राथमिक प्रशिक्षक, पंच, गुणलेखक किंवा प्रथमोपचार स्वयंसेवक म्हणून तयार करणं टिकाऊ ठरतं. पंचाची परीक्षा घेण्याचा अधिकार संघटनेकडेच असतो. हे काम दुसरं कुणी करू शकत नाही. मागावर काम करणाऱ्या तरुणाला रविवारी पंच म्हणून मानधन मिळालं, तर खेळ त्याच्यासाठी जोडउत्पन्नही ठरतो.

३. मान्यताप्राप्त स्पर्धा. गल्लीतल्या चषकाला नाव असतं, पण त्याच्या प्रमाणपत्राला शासकीय किंमत नसते. महाराष्ट्रात पात्र खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण मिळतात. दोन्ही ठिकाणी स्पर्धा कोणाच्या मान्यतेने झाली हे पाहिलं जातं. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघड झाल्यानंतर पडताळणी कडक झाली आहे. भिवंडीतल्या शाळा आणि मंडळांची एक स्पर्धा अधिकृत वेळापत्रकात आणणं, हे एखाद्या मुलीच्या आयुष्यात लाख रुपयांच्या देणगीहून मोठं ठरू शकतं.

४. मुलींसाठी वेगळी व्यवस्था. मुलगी खेळायला येत नाही याचं कारण पुष्कळदा आवड नसणं हे नसतं. जाता-येताची सोय, कपडे बदलायची जागा, स्वच्छतागृह, महिला प्रशिक्षक आणि घरच्यांचा होकार यांवर सगळं अडतं. घरच्यांचा होकार संघटनेचा अधिकारी मिळवू शकत नाही. वस्तीतली ताई, आपा किंवा शाळेतल्या बाईच तो मिळवतात. कबड्डी आणि खो-खोला साहित्य जवळपास लागत नाही, म्हणून सुरुवातीला हे खेळ परवडतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. मुलींसमोर ठेवायला आदर्श दूरचा नाही.

५. तिकिटं आणि नाव. मुंबई इंडियन्सच्या वानखेडेवरील एका सामन्याला स्वयंसेवी संस्थांमधल्या हजारो मुलांना नेण्याची प्रथा आहे. हा संघमालकांच्या प्रतिष्ठानचा उपक्रम आहे, राष्ट्रीय संघटनेचा नाही. पण संघटनाही हे करू शकते. २ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर झालेल्या भारत-श्रीलंका विश्वचषक सामन्यात मुलांच्या हक्कांसाठी युनिसेफसोबत ‘वन डे फॉर चिल्ड्रेन’ हा कार्यक्रम झाला होता. उद्या आमण्यात स्टेडियम झालंच, तर दर सामन्याच्या तिकीटविक्रीतला ठरावीक वाटा तालुक्यातल्या संस्थांसाठी ठेवण्याची अट आधीच मागता येईल.

६. आरोग्याचा निरोप. स्पर्धेच्या नावनोंदणीच्या टेबलाशेजारी लसीकरणाची माहिती, क्षयरोगाची लक्षणं सांगणारा कार्यकर्ता, मुलींसाठी रक्ततपासणी. गर्दी खेळाची, काम आरोग्य विभागाचं. खर्च जवळपास नाहीच.

वर्ष आखताना स्थानिक पंचांग पाहावं लागतं

दिल्ली किंवा मुंबईत बसून आखलेलं वेळापत्रक भिवंडीत अनेकदा कोसळतं. पावसाळ्यात सखल भागात पाणी भरतं, म्हणून जून ते सप्टेंबर छताखालच्या मॅटवरची कबड्डी, पंचांचे वर्ग आणि नोंदणी हीच कामं सोयीची. दिवाळीनंतरचे महिने मैदानी स्पर्धांचे. रमजानमध्ये सराव इफ्तारनंतर ठेवावा किंवा थांबवावा. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे. मे महिन्यात अनेक कुटुंबं मुलुखाला जातात, तेव्हा ‘उन्हाळी शिबिरा’ला मुलं मिळत नाहीत आणि अहवालात मात्र ‘प्रतिसाद कमी’ असं लिहिलं जातं. मागांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार धरून सामने ठेवले, तर बापही बघायला येतो.

ही माहिती कुठल्याच राष्ट्रीय कार्यालयात नसते. ती स्थानिक संस्थेकडे असते. म्हणूनच वेळापत्रक ठरवण्याच्या बैठकीत त्या संस्थेला पाहुणी म्हणून नव्हे, तर बरोबरीची भागीदार म्हणून बसवायला हवं.

पैसा कोणत्या वाटेने येतो?

सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी (निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक) मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण त्यात बसतं. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. भिवंडीत गोदामं असलेल्या मोठ्या कंपन्यांकडे मागणी करताना हे वाक्य महत्त्वाचं आहे.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवायला हवा. जाहिरातीच्या बदल्यात दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर म्हणून धरता येत नाही. जर्सीवर नाव छापून घेण्यासाठी दिलेले पैसे वेगळे आणि प्रशिक्षणासाठी दिलेले वेगळे.

राष्ट्रीय क्रीडा विकास निधी. केंद्र सरकारने १९९८ मध्ये हा निधी सुरू केला. यात सरकार, कंपन्या आणि व्यक्ती रक्कम देऊ शकतात. त्याचा भर खेळाडूंच्या तयारीवर आणि सुविधांवर आहे.

देणगीदार. छोट्या मंडळाला मोठा अडथळा कागदांचा असतो. महाराष्ट्रात अशी मंडळं सहसा संस्था नोंदणी कायदा १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० यांखाली नोंदवली जातात. नोंदणी प्रमाणपत्र, दरवर्षीचं लेखापरीक्षण, विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयातली नोंद, संस्थेच्या नावाचं पॅन आणि बँक खातं, देणगीदाराला करसवलत देणारी ‘८०-जी’ नोंदणी, नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरची नोंद आणि सीएसआरचे पैसे घ्यायचे असतील तर कंपनी मंत्रालयाकडचा ‘सीएसआर-१’ अर्ज एवढं लागतं. वीस वर्षं चांगलं काम केलेलं मंडळ लेखापरीक्षण नाही म्हणून बाद होतं आणि कागद चोख असलेली बाहेरची संस्था निधी घेऊन जाते, असं घडू शकतं.

म्हणून संघटनेने करण्यासारखी सर्वांत स्वस्त मदत म्हणजे वर्षातून दोनदा सनदी लेखापाल आणि वकील यांना बसवून मंडळांचे कागद पूर्ण करून देणं. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं, पण पुढच्या दहा वर्षांचा निधी त्यावर अवलंबून असतो.

काळजी कुठे घ्यायची?

*मुलांची सुरक्षा.* २०२३ मधल्या महिला कुस्तीगिरांच्या आंदोलनाने क्रीडा संघटनांतल्या तक्रार यंत्रणेचा प्रश्न देशासमोर आणला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेचं धोरण, तक्रार निवारण आणि राष्ट्रीय क्रीडा लवाद यांची तरतूद आहे. वस्तीतल्या उपक्रमालाही हाच नियम लागायला हवा. प्रशिक्षकाची पार्श्वभूमी तपासलेली असावी, मुलीसोबत प्रवासात महिला असावी, तक्रार कुणाकडे करायची ते पालकांना मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत सांगितलेलं असावं.

*राजकारण.* क्रीडा संघटनांत आणि मंडळांत राजकीय माणसं असतात, हे गुपित नाही. निवडणुकीच्या तोंडावर टी-शर्ट वाटले जातात आणि निकालानंतर मैदान सुनं पडतं. किमान तीन वर्षांचा लेखी करार हा त्यावरचा साधा उपाय.

*एकाच समाजाचं मैदान.* मदत एका मोहल्ल्यात किंवा एकाच समाजाच्या मंडळात अडकली, तर खेळच दुरावा वाढवतो. संघ वस्तीवार न पाडता मिसळून पाडणं हा ‘क्रिकेट फॉर पीस’सारख्या प्रयोगांकडून घेण्यासारखा धडा.

*हिशेब.* नव्या कायद्यानुसार सरकारी अनुदान घेणाऱ्या मान्यताप्राप्त संघटना त्या निधीच्या वापरापुरत्या माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. स्वतःच्या कमाईवर चालणाऱ्या संघटनेकडून हिशेब हवा असेल, तर तो करारातच लिहून घ्यावा लागतो.

घोषणा ऐकल्यावर विचारायचे सात प्रश्न

‘क्रीडा संघटनेकडून वस्तीला मदत’ अशी पोस्ट दिसली, तर शेअर करण्याआधी हे प्रश्न विचारून पाहावेत.

१. मदत कोणत्या नोंदणीकृत संस्थेला आणि कोणत्या वस्तीत मिळणार?
२. ती एकदाच आहे की ठरावीक वर्षांसाठी?
३. मैदानाचे वार आणि तास ठरले आहेत का?
४. स्थानिक प्रशिक्षक आणि पंच तयार होणार का? त्यांना मानधन किती?
५. मुलींची संख्या, महिला प्रशिक्षक आणि स्वच्छतागृह यांची सोय काय?
६. स्पर्धेच्या प्रमाणपत्राला जिल्हा किंवा राज्य संघटनेची मान्यता आहे का?
७. वर्षाअखेरीस हिशेब कुठे वाचायला मिळेल?

सातपैकी चार प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, तरी तो उपक्रम बऱ्यापैकी विचार करून आखलेला आहे असं समजायला हरकत नाही. एकाचंही मिळालं नाही, तर हाती फक्त एक छायाचित्र आहे.

आमण्याच्या जागेवर पुढे काहीही होवो, हे प्रश्न विचारण्याची वेळ पायाभरणीच्या आधीची असते. एकदा गेट उभं राहिलं की आतल्या तासांची वाटणी आधीच झालेली असते. भिवंडीतल्या मंडळांना, शाळांना आणि सेवाभावी संस्थांना आपल्या मागण्यांची यादी आजच तयार ठेवता येईल. तिच्या पहिल्या ओळीत रकमेचा आकडा नसला तरी चालेल, पण मैदान मुलांसाठी आठवड्यातून कोणत्या वारी आणि किती वाजता उघडणार, हे लिहिलेलं असलं पाहिजे.